कोड बदलला, शेरा तसाच

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावचे जुने सातबारे काढून बसलं, की एखाद्या नावाशेजारी ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं दिसतात. अज्ञान पालन कर्ता. जमीन वारसाहक्कानं आली तेव्हा वारस लहान होता, म्हणून त्याच्या वतीनं आई, चुलता किंवा आजा व्यवहार पाहील, एवढाच त्याचा अर्थ. शेरा लिहिला त्या दिवशी तो खरा होता. पुढे तो मुलगा सज्ञान झाला, संसाराला लागला, त्याला नातवंडं झाली. उताऱ्यावर मात्र तो अज्ञानच राहिला. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यासाठी लिहिलेला ‘ए.कु.मॅ.’ हा शेराही असाच. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, शेरा राहिला. कुठे पणजोबांनी घेतलेल्या तगाईचा बोजा आहे, कुठे बंडिंगच्या कामाचा. महाराष्ट्र सरकारनं २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. तिच्या पहिल्या टप्प्यात मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं ठरलं आणि पुढच्या टप्प्यात असे कालबाह्य शेरे कमी करण्याचं काम हाती आलं. मालकाला जमीन विकायची असते, बँकेचं कर्ज काढायचं असतं, मुलीच्या शिक्षणासाठी पैसे उभे करायचे असतात, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीचं एक वाक्य आडवं येतं. लिहिणारा तलाठी केव्हाच निवृत्त झालेला असतो.

सॉफ्टवेअरमध्ये नेमक्या याच जातीचा प्रश्न गेली पन्नास वर्षं चर्चेत आहे. केज, आष्टी, गेवराई, परळीकडून पुण्याला हिंजवडी-खराडीत नोकरीला गेलेल्या मुलामुलींचं रोजचं काम त्याच्याशी बांधलेलं आहे. हा प्रश्न आहे कोडमधल्या चुकीच्या कॉमेंटचा. प्रोग्राम लिहिणारा संगणकासाठी आज्ञा लिहितो. त्यांच्या शेजारी, ठरावीक खुणा घालून वेगळ्या काढलेल्या ओळींत, तो माणसांसाठी दोन शब्द लिहितो: हे कशासाठी केलं, काय गृहीत धरलंय, इथे हात लावताना काय सांभाळायचं. संगणक या ओळी पाळत नाही. कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, अगदी पहिल्या पायरीलाच त्या बाजूला काढतो. आज्ञा चुकली तर प्रोग्राम अडखळतो, चाचणीत नापास होतो, ग्राहकाचा फोन येतो. कॉमेंट चुकली तर काहीच होत नाही. ती वर्षानुवर्षं तिथे पडून राहते आणि एक दिवस कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवून शेजारचा कोड बदलतो.

समजा, एका साखर कारखान्याचा तोडणी-वाहतुकीच्या बिलाचा प्रोग्राम आहे. उसाचं वजन जिथे आत येतं तिथे वर लिहिलंय, ‘वजन क्विंटलमध्ये’. मध्यंतरी काटा बदलला, वजन टनात येऊ लागलं, हिशेबाची ओळ दुरुस्त झाली. वरचं वाक्य राहून गेलं. दोन हंगामांनी नवा माणूस आला. त्यानं कमिशनचा हिशेब जोडताना ते वाक्य वाचलं आणि आकड्याला दहानं भागलं. दहापटीची चूक पहिल्याच पंधरवड्याच्या बिलात मुकादम पकडेल, कारण ती डोळ्यांत भरते. भीती आहे ती त्याहून लहान चुकांची. पैशांचं पूर्णांकन कुठे होतं, तारीख हंगामाची की कॅलेंडरची, उचल कापण्याआधीची रक्कम की नंतरची, यांबद्दलचा चुकीचा शेरा कामगाराच्या पदरातून थोडं थोडं काढत राहील आणि कुणाला कळणारही नाही.

कॉमेंट खोटी होते ती मुख्यतः विसरण्यानं. कोड बदलणाऱ्याचं लक्ष चालू बिघाडावर असतं, वरचं वाक्य त्याच्या कामाचा भाग आहे असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं कारण म्हणजे उचलून चिकटवणं: एका फाइलमधला तुकडा दुसरीकडे नेला, आतली नावं बदलली, कॉमेंट जुन्याच कामाची राहिली. काही कॉमेंट मात्र जन्मतःच चुकीच्या असतात, कारण लिहिणाऱ्यानंच कोड अंदाजानं समजून घेतलेला असतो. या शेवटच्या प्रकाराबद्दल फार कमी बोललं जातं. मला तो सगळ्यांत वाईट वाटतो, कारण विसरलेल्या कॉमेंटचा इतिहास शोधून ती केव्हा खरी होती हे कळू शकतं. अंदाजानं लिहिलेली कधीच खरी नव्हती, त्यामुळे तिचा माग काढायला काही हाती लागत नाही.

ब्रायन कर्निघन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७४ मध्ये प्रोग्रामिंगच्या शैलीवर छोटं पुस्तक लिहिलं, त्यातच कॉमेंट आणि कोड एकमेकांशी जुळले पाहिजेत असं बजावलेलं आहे. म्हणजे प्रश्न जुना आहे, तो ठाऊकही होता. तो मोजायचा प्रयत्न मात्र बराच उशिरा झाला. त्यातलं सर्वांत बोलकं काम २००७ सालचं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लिन टॅन, युआनयुआन झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आयकॉमेंट’ नावाचं साधन तयार केलं. लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार मोठ्या प्रकल्पांतल्या इंग्रजी कॉमेंट त्यांनी यंत्राकडून वाचून घेतल्या आणि त्यांतून तपासता येतील असे नियम वेगळे काढले. उदाहरणार्थ, ‘हे फंक्शन वापरण्यापूर्वी अमुक लॉक घेतलेलं असलं पाहिजे’. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एका कामाचा तुकडा. एकाच माहितीला प्रोग्रामच्या दोन भागांनी एका वेळी हात लावू नये म्हणून लॉक लागतं. ते घ्यायचं की नाही याबद्दल कॉमेंट एक सांगते आणि कोड दुसरंच करतो, असं झालं तर सगळी यंत्रणा अधूनमधून, कारण न कळता कोलमडते. असे १,८३२ नियम निघाले. ते कोडशी ताडल्यावर ६० ठिकाणी विसंगती सापडली.

या साठांची फोड पाहण्यासारखी आहे. ३३ ठिकाणी कॉमेंट बरोबर होती आणि कोड चुकलेला होता. २७ ठिकाणी कोड बरोबर होता आणि कॉमेंट चुकलेली. यांतल्या १९ प्रकरणांना त्या त्या प्रकल्पांच्या लोकांनी तेव्हाच दुजोरा दिला. अर्धी-अर्धी म्हणावी अशी ही वाटणी आहे. दोन्ही जुळत नाहीत असं दिसलं, की कोणतं खरं हे नुसतं पाहून सांगता येत नाही. ‘चालतोय तो कोडच खरा’ असं पुष्कळ जण मानतात. या आकड्यांनी ते मोडीत निघतं. निम्म्याहून अधिक वेळा कॉमेंटच खरी होती, आणि ती कुणी गांभीर्यानं घेतली असती तर बिघाड आधी सापडला असता. चुकीच्या कॉमेंटचं खरं नुकसान इथे कळतं. ती वाचणाऱ्याला फसवते हे आहेच. शिवाय शेजारच्या खऱ्या कॉमेंटची साक्षही ती कमकुवत करते. दोन-चार वेळा फसलेला माणूस पुढे कॉमेंट वाचायचंच सोडून देतो.

विसंगती दिसल्यावर तपास कुठून सुरू करायचा, याचं उत्तर आपल्या महसुली दप्तरात फार पूर्वीपासून आहे. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये गेलं, की ती नोंद कधी, कशाच्या आधारे आणि कुणाच्या सहीनं झाली हे वाचता येतं. मला ही मांडणी फार मोलाची वाटते. शेरा एकटा उभा राहत नाही, तो कुठल्या घटनेतून आला याचा धागा त्याच्या अंगावरच असतो. सॉफ्टवेअरमध्ये हे काम आता गिटसारखी प्रणाली करते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये लिनक्ससाठी बांधली. फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटची कधी आणि कोणत्या बदलात लिहिली गेली हे ती दाखवते. कॉमेंटची ओळ २०१४ ची आणि तिच्याखालचा कोड २०२३ चा असेल, तर तेवढ्यावरूनच शहाणा माणूस सावध होतो. अर्थात, हा इतिहास उघडून पाहण्याची सवय असली तर. फेरफारही बहुतेक जण कोर्टाची पायरी चढल्यावरच काढतात.

झुरिक विद्यापीठाच्या बीट फ्लुरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तीन मोठ्या जावा प्रकल्पांचा इतिहास तपासला. कॉमेंटमध्ये बदल झाला तेव्हा ९७ टक्के वेळा तो संबंधित कोडच्या त्याच बदलाबरोबर झाला होता, असं त्यांना दिसलं. वरवर ही चांगली बातमी आहे. पण तिची दुसरी बाजू अशी, की कॉमेंट सुधारायची ती त्याच वेळी. ती वेळ हुकली तर कुणी मागे फिरून येत नाही. स्वित्झर्लंडमधल्याच लुगानोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १,५०० जावा प्रकल्पांचा इतिहास घेऊन कोणत्या प्रकारच्या बदलांनंतर कॉमेंट मागे राहतात याचा अभ्यास मांडला. त्याआधी, २०१२ मध्ये, शिन ह्वेई टॅन, लिन टॅन आणि सहकाऱ्यांनी ‘@टीकॉमेंट’ हे साधन केलं. फंक्शनला रिकामी किंमत दिली तर काय होईल, एवढ्याच एका गोष्टीबद्दल कॉमेंट काय म्हणते आणि प्रत्यक्षात काय होतं, हे ते चाचण्या घडवून पाहतं. सात प्रकल्पांत २९ विसंगती निघाल्या. प्रश्न एवढा अरुंद करूनही इतक्या.

प्रत्यक्ष नुकसानाचं उदाहरण शोधताना मी डेबियनच्या प्रकरणापाशी नेहमी थांबतो. डेबियन ही लिनक्सची जगभर वापरली जाणारी आवृत्ती. २००६ मध्ये तिच्यातल्या ओपनएसएसएल या सुरक्षा-लायब्ररीवर एक तपासणी-साधन चालवलं, तेव्हा दोन ओळींबद्दल इशारा आला: इथे न भरलेली मेमरी वाचली जातेय. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच होत्या. त्यांतल्या एकीशेजारी मूळ लेखकांची त्रोटक कॉमेंट होती, की अमुक तपासणी-साधन या ओळीबद्दल तक्रार करतं; ती ओळ गाळायची सोयही तिथे होती. दुसरीशेजारी काहीच नव्हतं. देखभाल करणाऱ्यानं दोन्ही ओळी बंद केल्या. पहिली बंद करणं निरुपद्रवी होतं. दुसरीतून मात्र गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारी सगळी अनिश्चितता आत येत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. पुढे जवळपास दोन वर्षं डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबंटूवर बनलेल्या किल्ल्या कुणालाही ओळीनं मोजून काढता येतील अशा होत्या. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या लक्षात हे आलं आणि जगभरच्या सर्व्हरांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

या प्रकरणात कॉमेंट खोटी होती असं म्हणता येणार नाही. साधन तक्रार करत होतं हे खरंच होतं. पण ती ओळ तिथे का आहे आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी ओळ का काढायची नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अर्धी खरी कॉमेंट वाचून माणूस जो निष्कर्ष काढतो, त्याची जबाबदारी कॉमेंट लिहिणाऱ्यावरही येते असं माझं मत आहे. ‘काय’ लिहिलं आणि ‘का’ लिहिलं नाही, तर वाचणारा ‘का’ स्वतःच्या मनानं भरतो.

कॉमेंटच नको, मग खोटी होण्याचा प्रश्नच उरणार नाही, असाही एक मोठा पंथ आहे. रॉबर्ट मार्टिन यांचं २००८ सालचं ‘क्लीन कोड’ हे पुस्तक पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत नव्या माणसाला हमखास वाचायला देतात. त्यांचा रोख असा, की कॉमेंट लिहावी लागली म्हणजे कोडमधून म्हणणं नीट मांडता आलं नाही. नावं चांगली द्या, फंक्शनं लहान ठेवा, कॉमेंटची गरज पडणार नाही. जॉन औस्टरहौट यांनी २०१८ मध्ये सॉफ्टवेअरच्या रचनेवर पुस्तक लिहून याला उघड विरोध केला: कोडमध्ये जे मांडताच येत नाही ते कॉमेंटमध्येच लिहावं लागतं. डोनाल्ड क्नूथ तर १९८४ पासून सांगत आले, की प्रोग्राम हा माणसाला वाचायला लिहिलेला निबंध असावा आणि कोड त्या निबंधाच्या ओघात यावा. छपाईच्या अक्षरजुळणीसाठीचं त्यांचं ‘टेक’ त्यांनी तसंच लिहिलं.

मी औस्टरहौट यांच्या बाजूचा आहे आणि त्याचं कारण ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथे घडलं. एरियन ५ हे नवं रॉकेट उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांनी वाट सोडून फुटलं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर जुन्या एरियन ४ वरून जसंच्या तसं घेतलेलं होतं. त्यात सात संख्यांचं रूपांतर धोक्याचं होतं. चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना दिलं नव्हतं, कारण एरियन ४ च्या वेगाला त्या मर्यादेबाहेर जाऊच शकत नव्हत्या. एरियन ५ चा आडवा वेग जास्त होता. चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी मंडळानं नमूद केलं, की ही तीन रूपांतरं असंरक्षित ठेवण्याच्या निर्णयाचं समर्थन खुद्द कोडमध्ये कुठेही सापडलं नाही. ते इतर कागदपत्रांच्या ढिगात होतं आणि बाहेरच्या तपासणाऱ्याच्या नजरेआड गेलं. ‘ही संख्या एरियन ४ च्या मार्गक्रमणापुरतीच सुरक्षित आहे’ असं एक वाक्य त्या ओळीवर असतं, तर ते कुणाच्या तरी डोळ्यांत आलं असतं. चांगलं नाव देऊन हे वाक्य टाळता आलं नसतं.

एककांची गोष्ट मात्र वेगळी. २३ सप्टेंबर १९९९ ला ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी हरवलं. दोन चमूंमधल्या करारपत्रात आवेग न्यूटन-सेकंदात द्यायचा असं लिहिलेलं होतं. पृथ्वीवरचा एक प्रोग्राम तो पौंड-सेकंदात देत राहिला. फरक सुमारे ४.४५ पटींचा. कागद बरोबर होता, कोड चुकीचा होता, आणि कागदावर विश्वास ठेवून पुढचे सगळे हिशेब झाले. एकक हे शेऱ्याच्या भरवशावर सोडायची गोष्टच नव्हे, ते आकड्यातच बांधलेलं हवं. एकर-गुंठे बोलणाऱ्या आणि हेक्टर-आर कागदावर पाहणाऱ्या मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा क्षेत्रासोबत एकक छापायची सोय झाली: शेतीला हेक्टर, आर, चौरस मीटर, बिनशेतीला आर, चौरस मीटर. लहान बदल, पण नेमका.

कॉमेंटला ‘भाष्य’ मानून तिच्याकडे पाहिलं तर आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि बीड जिल्हा तिचं एक पीठच. अंबाजोगाईला दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात गीतेवर ‘गीतार्णव’ हे सुमारे सव्वा लाख ओव्यांचं भाष्य लिहिलं. त्यांची कापडावर लिहिलेली लांबच लांब पासोडीही तिथलीच. पण गीतेचे श्लोक जागचे हलत नाहीत. चारशे वर्षांनी कुणीही मूळ श्लोक शेजारी ठेवून भाष्य तपासू शकतो, मान्य करू शकतो, त्यावर वाद घालू शकतो. कोडचं मूळच रोज बदलतं. स्थिर ग्रंथावरच्या भाष्याची सवय असलेल्या आपल्या मनाला हे पचायला जड जातं. एकदा नीट लिहून ठेवलं म्हणजे झालं, असं आपण मानतो. कॉमेंट मात्र मूळ ग्रंथाबरोबर दर वेळी नव्यानं लिहावी लागते, हा या कामातला कंटाळवाणा आणि टाळता न येणारा भाग आहे.

हा भाग कुणाच्या वाट्याला येतो, हेही पाहायला हवं. भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाचा मोठा हिस्सा दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळण्यावर वाढला. २००० सालाच्या तारखांच्या दुरुस्तीसाठी इथल्या हजारो लोकांनी परदेशी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे कोबॉल प्रोग्राम ओळीनं वाचले. कोबॉलमध्ये प्रोग्रामच्या माथ्यावर लेखक आणि लिहिल्याची तारीख टाकायची ठरावीक जागा असे. यंत्राच्या लेखी तीही कॉमेंटच. टाटांनी पुण्यात १९८१ मध्ये उभारलेल्या संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, प्रोग्रामचं यांत्रिक विश्लेषण हा विषय वाढला. जुन्या कोडचा अर्थ कागदपत्रांवरून लावण्यापेक्षा कोडवरूनच काढता यावा, ही अशा विश्लेषणाची एक प्रेरणा. गेल्या काही वर्षांत खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी सी भाषेतल्या कोडमधल्या कॉमेंट कामाच्या आहेत की बिनकामाच्या, हे यंत्राला ओळखायला लावण्याची स्पर्धा ‘फायर’ या भारतीय परिषदेत २०२२ पासून चालवली. निरुपयोगी कॉमेंट ओळखण्यात त्यामुळे प्रगती झाली. चुकीची कॉमेंट ओळखणं मात्र फार अवघड राहिलं आहे, कारण ती दिसायला अगदी कामाची दिसते.

बीडहून, घरातली पहिली पदवी घेऊन आलेल्या मुलीला पहिली नेमणूक बहुधा सपोर्टच्या प्रकल्पावर मिळते. समोर पंधरा वर्षांचा कोड असतो, तो लिहिणारे कंपनी सोडून गेलेले असतात, विचारायला फारसं कुणी नसतं. कॉमेंट हाच तिचा शिक्षक. जुना माणूस कॉमेंट वाचून नाक मुरडू शकतो, त्याला तेवढा अनुभव असतो. तिला तो नसतो; आणि वरिष्ठानं लिहिलेलं खोटं असेल असं समजायला जी धिटाई लागते ती आपल्या शाळा-कॉलेजांनी तिला शिकवलेली नसते. तलाठ्यानं लिहिलेला शेरा खोटा आहे असं म्हणायला शेतकऱ्याला जितकं जड जातं, तितकंच हे जड. चुकीच्या कॉमेंटची किंमत लिहिणाऱ्याच्या नावावर कधी पडत नाही. ती पडते तिच्यावर विसंबणाऱ्या सर्वांत नव्या माणसाच्या नावावर, आणि ‘बदल यानंच केला होता’ असं म्हणून त्यालाच दोषही मिळतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत टोचतं ते हे.

आश्वासन देणाऱ्या कॉमेंटही कालांतरानं खोट्या होतात. ‘हे तात्पुरतं आहे’, ‘नंतर दुरुस्त करू’. अपोलो ११ च्या चांद्रयानाचा कोड २०१६ मध्ये सर्वांना सहज पाहता येईल असा गिटहबवर आला, तेव्हा लोकांच्या नजरेत भरलेली एक ओळ अशीच होती: हे तात्पुरतं असावं अशी आशा व्यक्त करणारी. ती आशा तशीच चंद्रापर्यंत गेली. अशा कबुलीजबाबांवर २०१४ मध्ये पोतदार आणि शिहाब यांनी अभ्यास केला आणि चार मोठ्या प्रकल्पांत २.४ ते ३१ टक्के फाइलींमध्ये ते सापडले.

आतापर्यंतच्या चुका अनवधानाच्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी मुद्दाम फसवणारी कॉमेंट कशी रचता येते हे दाखवलं. उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये दिशा बदलणारी अदृश्य अक्षरं आहेत. ती कॉमेंटमध्ये पेरली, की पडद्यावर जे कॉमेंट म्हणून दिसतं ते यंत्राच्या लेखी चालणारा कोड असू शकतं, आणि जो कोड दिसतो तो निव्वळ कॉमेंट. तपासणारा माणूस डोळ्यांनी वाचतो, यंत्र अक्षरांच्या क्रमानं, आणि दोघांना वेगळं दिसतं. त्यानंतर कंपायलर आणि संपादन-साधनांनी अशा अक्षरांवर इशारे द्यायला सुरुवात केली.

आता कॉमेंटला नवा वाचक मिळाला आहे. कोड लिहून देणारी एआय साधनं कॉमेंट वाचतात आणि तिच्यावर विसंबून पुढचा कोड रचतात. म्हणजे यंत्र कॉमेंट वाचत नाही, हे विधान अर्धंच खरं उरलं. कंपायलर वाचत नाही. कोड लिहिणारं यंत्र वाचतं. मॅकी आणि डॉइल यांनी २०२४ मध्ये केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. कोडसोबतचे दस्तऐवज अपुरे असले किंवा नसलेच, तरी या साधनांमागच्या मॉडेलांच्या कोड समजण्यात फारसा फरक पडत नाही. ते चुकीचे असले तर मात्र समज बरीच ढासळते. शिवाय हीच साधनं भरमसाट कॉमेंट लिहूनही देतात: व्याकरणशुद्ध, आत्मविश्वासानं भरलेल्या, आणि कोडचा ‘का’ ठाऊक नसलेल्या. जन्मतः अंदाजानं लिहिलेल्या कॉमेंटचा जो प्रकार मी वर सांगितला, तो आता कारखान्यातून निघू लागला आहे. एकानं अंदाजानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तो अंदाज खरा मानून कोड बांधायचा, हे चक्र माणसाच्या देखरेखीशिवाय चाललं तर विसंगती किती वेगानं साठेल याची मला खरोखर काळजी वाटते.

उपाय आहेत, पण सगळेच्या सगळे एका जागी बसणारे नाहीत. जे वाक्य तपासता येतं ते तपासाला बांधावं, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. पायथनमध्ये २००१ पासून ‘डॉकटेस्ट’ आहे: वर्णनात लिहिलेलं उदाहरण यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहतं आणि उत्तर जुळलं नाही तर बदल अडवता येतो. रस्ट भाषेत ही सोय मुळातच आहे. महसूल खात्यानं १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आणलेल्या ई-पीक पाहणीचा विचारही याच दिशेचा होता. पीकपेरा गावात बसून भरण्याऐवजी शेतकऱ्यानं शेतात उभं राहून, अक्षांश-रेखांशासह फोटो काढून नोंद करायची. पीकविम्याच्या वादांनी गाजलेल्या बीडमध्ये कागदावरचं पीक आणि रानातलं पीक एक असण्याचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही. पण ‘का’ सांगणाऱ्या कॉमेंटचा फोटो निघत नाही. तिच्यासाठी माणूसच लागतो: बदल तपासणाऱ्या सहकाऱ्यानं कोडइतक्याच बारकाईनं वरचं वाक्य वाचणं, आणि ते जुळत नसेल तर बदल परत पाठवणं. संगणकीकृत सातबारे हस्तलिखिताशी जुळवायला २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, नोंदी लोकांसमोर वाचून हरकती घेतल्या गेल्या. कोडलाही वर्षातून एकदा असं वाचन लागतं, आणि ज्या चमूंना ते चैनीचं वाटतं त्यांना मी एरियनचा अहवाल वाचायला सांगेन.

सुरुवात कॉलेजातून करता येईल. अंबाजोगाई, बीड, परळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तयार होतो, त्यात कॉमेंट असाव्यात म्हणून त्या भरल्या जातात, तोंडी परीक्षा होते आणि सीडी किंवा पेनड्राइव्ह कपाटात जातो. तो कोड पुन्हा कुणी बदलत नाही, त्यामुळे त्यातली कॉमेंट खोटी व्हायची वेळच येत नाही आणि विद्यार्थ्याला हा प्रश्न नोकरीत जाईपर्यंत भेटत नाही. गेल्या वर्षीच्या तुकडीचा प्रकल्प यंदाच्या तुकडीला द्यावा, त्यात दोन मोठे बदल करायला सांगावेत, आणि गुण देताना नव्या लिहिलेल्या कॉमेंटसोबत खोट्या ठरलेल्या किती कॉमेंट शोधून दुरुस्त केल्या किंवा काढून टाकल्या, हेही मोजावं. आधीच्या तुकडीतल्या मुलांना त्या तोंडी परीक्षेला बोलवावं. त्यांनी कुठे काय गृहीत धरलं होतं आणि ते का लिहिलं नव्हतं, हे त्यांना धाकट्यांसमोर सांगावं लागेल.